औषध लावूनही खाज वाढतेय? जंतुनाशकं, प्रिझर्व्हेटिव्ह आणि आपल्या मुलांची त्वचा



पावसाळा सुरू झाला की वर्गात खाजवणारी मुलं दिसायला लागतात. कुणाच्या हातावर पुरळ, कुणाच्या गुडघ्याभोवती लाल चट्टा, कुणाची मान खाजून खाजून काळी पडलेली. आपण पटकन म्हणतो, "खरूज दिसतेय" किंवा "हा नीट अंघोळ करत नाही वाटतं". घरी निरोप गेला की आई अंघोळीच्या बादलीत जंतुनाशक ओतते, घरातलं मलम दोन वेळा ऐवजी चार वेळा लावते. बऱ्याच मुलांना त्याने काही त्रास होत नाही. पण काही मुलांच्या बाबतीत उलटंच घडतं. औषध जितकं जास्त, तितकी खाज जास्त. अशा वेळी एक शक्यता आपल्या मनात सहसा येत नाही, ती म्हणजे आपण ज्याला औषध समजतोय तेच त्या मुलाच्या त्वचेला सोसत नसेल.

आजचा पाठ याच विषयावर आहे. उपचार सांगणं हे आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्यासमोर असतं आणि उरलेला वेळ आई-वडिलांसमोर. त्यामुळे पहिली शंका आपल्यालाच यायला हवी. ती यावी एवढी माहिती या लेखात देत आहे. शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही दिला आहे.

१. दाह वेगळा, अ‍ॅलर्जी वेगळी

एखादी वस्तू लागून त्वचेला त्रास होतो तेव्हा त्याचे दोन प्रकार असतात.

पहिला प्रकार दाहाचा. धुण्याच्या सोड्यात तास-दोन तास हात राहिले तर कुणाचेही हात कोरडे पडतात, भेगा पडतात, झोंबतात. इथे वस्तू तीव्र असते किंवा वारंवार लागते. पाणी न घालता, तसंच घट्ट जंतुनाशक कापसावर घेऊन जखमेवर बांधून ठेवलं तर कातडी भाजल्यासारखी होते, तोही याच प्रकारचा त्रास. तो कुणालाही होऊ शकतो.

दुसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा. ती सगळ्यांना होत नाही. ज्याला होते त्याला अगदी थोडी मात्राही पुरते. आपल्याकडे याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे बिब्बा. एकाच घरात दोघं बिब्बा हाताळतात. एकाला काही होत नाही, दुसऱ्याचं अंग सुजून येतं, फोड येतात. आपण म्हणतो, "याला बिब्बा उतला." गाजरगवताचंही तसंच. एकाच बांधावर दहा जण खुरपायला बसतात, पण मान, चेहरा आणि हात लाल होऊन खाज सुटते ती एखाद्यालाच.

जंतुनाशकं आणि प्रिझर्व्हेटिव्ह यांचं नेमकं हेच आहे. ते कुणाकुणाला "उततात". म्हणजे ती वस्तू सर्वांसाठी वाईट आहे असं नाही, त्या एका मुलासाठी ती वर्ज्य आहे.

२. "इतकी वर्षं वापरतोय, मग आत्ताच कसं झालं?"

पालकांचा हा प्रश्न शंभर टक्के येतो. त्याचं उत्तर समजून घेतलं तर निम्मा विषय समजला.

ही रसायनं आकाराने अतिशय लहान असतात. त्वचेच्या वरच्या थरातून ती आत शिरतात आणि आपल्याच शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात. त्वचेत लँगरहान्स नावाच्या पेशी असतात. त्यांना आपण पहारेकरी म्हणू. हे पहारेकरी ती अनोळखी जोडी उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे टी पेशी नावाच्या सैनिक पेशी तिची ओळख पक्की करून ठेवतात. या सगळ्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. या काळात बाहेरून काहीच दिसत नाही, खाजही नसते.

एकदा ओळख पक्की झाली, की पुढच्या वेळी तीच वस्तू लागल्यावर टी पेशी धावून येतात. पण त्याही लगेच नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी लाली, खाज, बारीक पाण्याचे फोड दिसतात. आजचं पुरळ हे परवा लावलेल्या वस्तूचं असू शकतं, म्हणून आईला संबंध लागत नाही.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या:

- अ‍ॅलर्जी वापरातूनच तयार होते. पहिल्या वापरात ती दिसायलाच हवी असं नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही ती एके दिवशी होऊ शकते.
- एकदा झाली की ती सहसा अनेक वर्षं, बऱ्याचदा आयुष्यभर राहते. पुरळ बरं झालं म्हणजे अ‍ॅलर्जी गेली असं नाही.
- फाटलेल्या, खरचटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेतून रसायन जास्त सहज आत जातं. आणि जंतुनाशक आपण नेमकं कुठे लावतो? फाटलेल्या, खरचटलेल्या त्वचेवरच!

३. औषधाच्या पेटीतले संशयित

घरात आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीत सापडणारी काही नावं बघू. मलमाच्या नळीवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. ही नावं बारीक अक्षरात, घटकांमध्ये शोधावी लागतात.

नायट्रोफ्युराझोन: पिवळ्या रंगाचं मलम. भाजलं, खरचटलं की आपल्याकडे सर्रास लावलं जातं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चाचण्यांमध्ये लावायच्या औषधांपैकी अ‍ॅलर्जी देणाऱ्यांत हे नाव नेहमी वर येतं.

निओमायसिन: जखमेवर टाकायच्या पावडरीत, मलमात, काही कानाच्या आणि डोळ्यांच्या थेंबांत असतं. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दरवर्षी एखाद्या पदार्थाकडे लक्ष वेधण्यासाठी त्याला "वर्षाचा अ‍ॅलर्जन" म्हणून जाहीर करते. २०१० साली तो मान निओमायसिनला मिळाला होता. फ्रॅमायसेटिन हे याच्याच घराण्यातलं. एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरंही बहुधा सोसत नाही. म्हणजे "हे मलम नको, ते लावून बघू" असं करून उपयोग होत नाही.

क्लोरोक्झायलेनॉल: पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते जंतुनाशक. याची अ‍ॅलर्जी तशी कमी आढळते, पण घट्ट वापरल्याने दाह होणं मात्र नेहमीचं.

पोव्हिडोन आयोडीन: तपकिरी औषध. खरी अ‍ॅलर्जी विरळा. ते ओलं असतानाच वर घट्ट पट्टी बांधली तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

क्लोरहेक्झिडिन आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड: हात धुण्याची द्रावणं, जखम पुसायचे फडके, काही सॅनिटायझर यांत असतात. दोन्हींची अ‍ॅलर्जी होऊ शकते. क्लोरहेक्झिडिनमुळे क्वचित लगेचची आणि गंभीर अ‍ॅलर्जीही होते. जंतुनाशक लावल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही, ताबडतोब दवाखाना.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. बाजारातल्या अनेक मलमांमध्ये निओमायसिनसारखं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबून टाकतं. त्यामुळे सोबतच्या औषधाची अ‍ॅलर्जी झाकली जाते. मलम लावलं की बरं, बंद केलं की परत, असं चक्र महिनोन्‌महिने चालतं. असं मिश्र मलम दुकानातून स्वतःच्या मनाने आणून मुलांना लावू नये. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, त्यामागेही असा बेसुमार वापर हेच कारण होतं.

४. प्रिझर्व्हेटिव्ह कशाला लागतं? लोणच्याच्या बरणीला विचारा

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे वस्तू टिकवणारं रसायन. आपल्या आज्या सांगायच्या, "लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नकोस." पाणी शिरलं की बुरशी येते. लोणचं टिकतं ते मीठ आणि तेलामुळे.

शाम्पू, लोशन, हँडवॉश, ओले वाइप्स यांत पाणीच जास्त असतं. त्यांना मीठ-तेल चालत नाही, मग दुसरं काही तरी टिकवणारं लागतं. नाही तर काही दिवसांत त्यात जंतू वाढतील आणि ते लोशन लावणं जास्त धोक्याचं होईल. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे विष, असा निष्कर्ष कृपया काढू नका. साबणाच्या वडीत पाणी कमी, म्हणून तिला द्रव साबणाच्या मानाने प्रिझर्व्हेटिव्हची गरजही कमी. हेच साधं विज्ञान मुलांनाही छान कळतं.

अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाची नावं अशी:

- मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणि त्याचा भाऊ मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन. नावं लांबलचक आहेत, पण दोन्हींचा शेवट "थायाझोलिनोन" असा होतो. तेवढं शेपूट ओळखलं तरी पुरे.
- फॉर्मल्डिहाइड हळूहळू सोडणारी रसायनं: डीएमडीएम हायडॅन्टॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया.
- पॅराबेन: यांच्या नावाने सगळ्यात जास्त ओरड होते. त्वचेच्या अ‍ॅलर्जीपुरतं बोलायचं तर पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्हमधलं गरीब पोर आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी संस्थेने २०१९ साली पॅराबेनला मुद्दाम "वर्षाचा अ‍ॅलर्जन नसलेला" पदार्थ म्हणून जाहीर केलं! पाकिटावर "पॅराबेन नाही" असं ठळक लिहिलेलं असलं तरी त्याऐवजी काय घातलंय ते बघायला हवं.

५. युरोपमधला धडा

मिथाइलआयसोथायाझोलिनोनची गोष्ट प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. आधी ते भावासोबतच्या मिश्रणात, अगदी थोड्या प्रमाणात वापरलं जायचं. २००५ साली युरोपात ते एकट्याने, १०० पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी मिळाली. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १०० ग्रॅम क्रीममध्ये १०० पीपीएम म्हणजे फक्त १० मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याच्या साधारण निम्मं वजन. एवढ्याने काय होणार, असं कुणालाही वाटेल.

पण पुढच्या काही वर्षांत युरोपभर त्वचारोगतज्ज्ञांकडे याच रसायनाची अ‍ॅलर्जी असलेले रुग्ण झपाट्याने वाढले. २०१३ साली अमेरिकेत ते "वर्षाचा अ‍ॅलर्जन" ठरलं. २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी सहा मुलांची नोंद प्रसिद्ध केली. तोंडाभोवती, हातावर, ढुंगणावर चट्टे. त्यांच्यावर आधी इसब, जंतुसंसर्ग, सोरायसिस असं समजून उपचार झाले होते. खरं कारण निघालं ओल्या वाइप्समधलं हे प्रिझर्व्हेटिव्ह. वाइप्स बंद केल्यावर मुलं बरी झाली.

शेवटी युरोपीय संघाने कायदा बदलला. २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम, लोशन, वाइप्समध्ये याला बंदी आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या शाम्पू-साबणात मर्यादा फक्त १५ पीपीएम.

यातून आपण काय घ्यायचं? अंगावर राहणारी वस्तू आणि धुऊन जाणारी वस्तू यांत फार फरक आहे. शाम्पू मिनिटभरात वाहून जातो. लोशन, क्रीम आणि वाइप्सचा ओलावा दिवसभर त्वचेवर राहतो. संशय आला तर आधी अंगावर राहणाऱ्या वस्तू तपासा.

६. शाळेत या गोष्टी कुठे असतात?

- हँडवॉश आणि सॅनिटायझर. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने सहसा अ‍ॅलर्जी होत नाही, पण हात कोरडे पडून दाह होतो. भेगा पडलेल्या हातावर मग बाकीची रसायनं सहज शिरतात.
- पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद, जलरंग, घरी बनवलेला स्लाइम. हे सगळं पाण्याचं, त्यामुळे टिकवणारं रसायन असणारच. युरोपात स्लाइम खेळून हाताला अ‍ॅलर्जी झालेल्या मुलांच्या नोंदी आहेत.
- भिंतीचा पाण्याचा रंग. त्यातही थायाझोलिनोन गटातली रसायनं असतात. ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याचा चेहरा नुसत्या ताज्या रंगवलेल्या खोलीत बसूनही लाल होऊ शकतो. "बोलक्या भिंती" रंगवायच्या असतील तर सुट्टीत रंगवाव्यात आणि खोल्या भरपूर दिवस उघड्या ठेवाव्यात.
- प्रथमोपचार पेटीतली मलमं, पावडरी. मुदत संपलेल्या नळ्याही काढून टाका.

७. ओळखायचं कसं?

पक्कं निदान डॉक्टरच करतील. पण आपल्याला एवढं बघता येतं:

खरूज: रात्री जास्त खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, पोटावर पुरळ. घरात आणखी कुणाला तरी खाज असतेच. ही लागण होणारी आहे, उपचार सगळ्या घराला एकाच वेळी घ्यावा लागतो.

गजकर्ण: गोल चट्टा, कड उठलेली, मधला भाग त्या मानाने बरा. हळूहळू पसरतो. हेही लागतं.

जंतुसंसर्ग: पू, दुखणं, मधाच्या रंगाची पिवळी खपली, कधी ताप.

दाह: झोंबणं, आग होणं जास्त. वस्तू लागली तिथेच, लगेच किंवा काही तासांत.

अ‍ॅलर्जी: खाज जास्त, दुखणं कमी. जिथे वस्तू लावली तिथे सुरुवात, मग कडेने पसरते. बारीक पाण्याचे फोड. घरात एकालाच. आणि सगळ्यात मोठी खूण, औषध लावत असतानाही वाढत जाणं. ही लागत नाही. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, हात धरल्याने ती दुसऱ्याला होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठळक केलं आहे. आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी मैदानावर पडली, गुडघा खरचटला. घरी पिवळं मलम लावलं. आठवड्यात जखम भरत आली आणि मग भोवती खाज सुटली, फोड आले. आईने जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊन मलम वाढवलं. चट्टा पोटरीपर्यंत उतरला. वर्गात बातमी पसरली, "हिला खरूज झालीय". बाकावरच्या मैत्रिणी सरकून बसायला लागल्या, लंगडीच्या खेळात तिला कुणी घेईना. ती शाळेत येताना पाय ओढणीने झाकून यायची. आई भेटायला आली तेव्हा रडकुंडीला आली होती. म्हणाली, "बाई, रोज न चुकता लावते हो मलम. काही कमी करत नाही, तरी वाढतंच चाललंय."

तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा ते मलमच थांबवलं. आठवड्याचं औषध दिलं आणि दोन आठवड्यांत पाय स्वच्छ झाला. त्या आईने काळजीत कसूर केली नव्हती. तिच्या काळजीची वाट तेवढी चुकीची होती, आणि ती कुणी सांगितलीच नव्हती. वर्गात मग "लागणारे आणि न लागणारे आजार" असा छोटा पाठ घेतला. त्या मुलीचं नाव न घेता. चार दिवसांत लंगडीचा डाव पूर्ववत झाला.

८. पॅच टेस्ट म्हणजे काय?

नेमकी कशाची अ‍ॅलर्जी, हे शोधायची चाचणी शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. १८९५ साली योसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती मांडली. गंमत म्हणजे त्याने शोधलेली अ‍ॅलर्जीही औषधाचीच होती, त्या काळी उपचारात वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याची. म्हणजे "औषधच तपासा" हा विचार या चाचणीच्या जन्मापासूनचा आहे.

यात सुई टोचत नाहीत. वेगवेगळे पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात लहान वाट्यांमध्ये भरून पाठीवर चिकटपट्टीने लावतात. ४८ तासांनी काढतात, त्वचा बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण प्रतिक्रिया उशिरा येते हे आपण वर पाहिलंच. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते, धावपळ आणि घाम टाळायचा असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात आणि मोठ्या शहरांतल्या काही तज्ज्ञांकडे ही चाचणी होते. रक्त तपासून या प्रकारच्या अ‍ॅलर्जीचं कारण कळत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

९. आता करायचं काय?

शाळेत:

१. खरचटलं तर आधी वाहतं स्वच्छ पाणी. माती निघेपर्यंत धुवा. भोवतालची त्वचा साध्या साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने टिपा.

२. किरकोळ खरचटण्यावर साधं पेट्रोलियम जेली आणि वर स्वच्छ पट्टी पुरते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेच्या लहान शस्त्रक्रियेनंतर ९०० हून जास्त रुग्णांपैकी काहींना प्रतिजैविक मलम, तर काहींना साधं पेट्रोलियम जेली लावलं. जंतुसंसर्गात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. अ‍ॅलर्जी मात्र मलमवाल्या गटातल्या चौघांना झाली, जेलीवाल्या गटात एकालाही नाही. त्या जखमा डॉक्टरांनी केलेल्या, स्वच्छ होत्या हे खरं. म्हणून मैदानावरची जखम धुण्यात कंजुषी नको.

३. जंतुनाशक वापरायचंच तर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पाणी घालून. घट्ट औषधात भिजवलेला कापूस बांधून ठेवायचा नाही.

४. कुत्रा चावला तर हे सगळं अ‍ॅलर्जीचं बोलणं बाजूला ठेवा. वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा, जंतुनाशक लावा आणि त्याच दिवशी लस. खोल जखम, गंजका पत्रा-खिळा, मोठं भाजणं, यातही थेट प्राथमिक आरोग्य केंद्र.

५. प्रवेशाच्या वेळी पालकांना "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" हे विचारून हजेरीपटाच्या मागे नोंद ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा अशी मुलं आवर्जून दाखवा.

घरी:

१. रोजच्या अंघोळीला साधा साबण आणि पाणी पुरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक असलेल्या साबणांची विक्री थांबवली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत आणि रोजच्या वापराला सुरक्षित आहेत, हे कंपन्या दाखवू शकल्या नव्हत्या.

२. लावल्यावर दोन-तीन दिवसांत खाज वाढली तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाबद्दल त्यांना लगेच विचारा. स्वतः आणलेलं मलम असेल तर थांबवा.

३. डॉक्टरांकडे जाताना नळी, बाटली, रिकामं पाकीट सोबत न्या. "पिवळं मलम होतं" एवढ्यावरून डॉक्टरांना नाव कळत नाही.

४. नवीन लोशन, क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर रोज लावून आठवडाभर बघा. एका दिवसात निकाल लागत नाही. साबण, शाम्पू किंवा जंतुनाशक मात्र असं लावून ठेवायचं नाही.

५. "नैसर्गिक आहे" म्हणजे सोसेलच असं नाही. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिकच आहे!

६. अ‍ॅलर्जीचं नाव कळलं की ते चिठ्ठीवर लिहून आधार कार्डाशेजारी ठेवा. प्रत्येक डॉक्टरांना, औषध दुकानदाराला दाखवा.

१०. वर्गातला उपक्रम: पाकीट वाचूया

इयत्ता: चौथी ते सातवी. वेळ: दोन तासिका. विषय: परिसर अभ्यास किंवा विज्ञान, सोबत भाषा आणि गणित.

साहित्य: घरून आणलेली रिकामी, धुतलेली पाकिटं आणि बाटल्या. औषधांच्या नळ्या मुलांनी आणायच्या नाहीत, त्या शिक्षकांनी दाखवायच्या.

कृती: चार-पाच जणांचे गट करा. वहीत पाच रकाने आखा: वस्तूचं नाव, पहिला घटक कोणता, अंगावर राहते की धुऊन जाते, टिकवणारं रसायन कोणतं, वापरायची मुदत. घटकांची नावं इंग्रजीत असतात, म्हणून आठ-दहा महत्त्वाची नावं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मुलं नुसती जुळवून शोधतात आणि त्यांना खजिना शोधल्यासारखा आनंद होतो.

चर्चेचे प्रश्न: पहिला घटक पाणी कुठे कुठे निघाला? साबणाच्या वडीत आणि हँडवॉशमध्ये काय फरक दिसला? १५ पीपीएम म्हणजे एक किलोत किती मिलिग्रॅम?

एक खास निरीक्षण: मुलं सांगतील, "बाई, छोट्या पुडीवर तर घटक लिहिलेलेच नाहीत!" बरोबर आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी द्यावी लागते, पण ६० मिलिलीटरपेक्षा लहान द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट वस्तूंच्या पाकिटांना त्यातून सूट आहे. आमच्या भागात बहुतेक घरी एक-दोन रुपयांच्या पुड्याच येतात. म्हणजे ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांच्याच हातात कोरं पाकीट. उपाय म्हणून त्याच वस्तूची मोठी बाटली दुकानात बघून तिच्यावरची यादी मोबाइलवर टिपून आणायला सांगा.

मूल्यमापन: "लागणारे आणि न लागणारे त्वचेचे आजार" यावर प्रत्येकाने पाच वाक्यं लिहायची. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यातलं एक वाक्य: "खाज आहे म्हणून कुणाला वेगळं बसवायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं." ते प्रत्येक वहीत उतरलं की पाठ सफल झाला.

हा उपक्रम पालक सभेलाही घेता येतो. पाच-सहा रिकामी पाकिटं आणि अर्धा तास एवढंच लागतं. पुढच्या सभेत जरूर घेऊन बघा आणि तुमच्या पालकांनी काय काय शोधलं ते मला कळवा.